पडद्याकडे पाठ

सरांनी स्वतः काढलेला एकही पिक्चर कधी धड बघितला नाही. पिक्चर म्हणजे त्यांच्या मोबाईलवर काढलेला मुलांसाठीचा माहितीपट, पाच-दहा मिनिटांचा. शाळेच्या हॉलमध्ये खिडक्यांना पोती लावून अंधार करायचा, भिंतीवर पांढरी चादर टांगायची, मुलांना पट्ट्यांवर बसवायचं आणि पिक्चर सुरू झाला, की सर चादरीकडे पाठ करून स्टुलावर बसायचे. तोंड मुलांकडे. उजव्या खिशात मूठभर सोयाबीन. एखाद्या पोरानं जांभई दिली, शेजारच्याला कोपर मारलं, नुसती मांडी बदलली, तरी एक दाणा उजव्या खिशातून डाव्या खिशात जायचा. पाठीमागे काय चाललंय ते सरांना आवाजावरून कळायचं. डाव्या खिशात दाणा पडला, त्या ठिकाणी पिक्चरला कात्री.

"पोरगं हललं, की आपलं चुकलं," ते म्हणायचे. "पोराचं चुकत नसतंय, म्याडम."

या न्यायानं विहीर खोदणाऱ्यांवरचा वीस मिनिटांचा पिक्चर चार मिनिटांवर आला. गावच्या शिंप्यावरचा तर कापता कापता संपूनच गेला. शिंपी बिचारा महिनाभर विचारत होता, "गुरुजी, आपला पिच्चर कवा?" सरांनी त्याला सरळ सांगितलं, की तू लेकरांना आवडला न्हाईस. शिंप्यानं पुढे सरांची पँट वेळेवर शिवून दिली नाही, यात मला काही नवल वाटलं नाही.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची, आखाडा बाळापूरपासून सात-आठ किलोमीटर आत. आम्ही चार शिक्षक. सर विज्ञान शिकवायचे आणि निवृत्तीला टेकले होते. मी सहावी-सातवीला मराठी शिकवायचे. सरांच्या आणि माझ्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. त्यांना कशाचीच भीती नव्हती, आणि मला सगळ्याची. साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला, की माझ्या हातातला खडू मोडायचा. आमच्या घरात सरकारी नोकरी लागलेली मी पहिली. वडिलांनी माझं नेमणुकीचं पत्र फ्रेम करून बुद्धाच्या तसबिरीशेजारी टांगलं आहे. ते पत्र रोज पाहून मला अभिमान वाटायला हवा होता. मला वाटायचं, एक दिवस कुणीतरी येऊन ते भिंतीवरून उतरवून नेईल.

सर फळा ठेवायच्या लाकडी तिवईला सायकलच्या ट्यूबनं मोबाईल बांधायचे आणि ती तिवई मोटरसायकलवर आडवी टाकून हिंडायचे. रस्त्यातली माणसं विचारायची, "गुरुजी, आज फळा कुणीकडं?" ज्याचं चित्र घ्यायचं त्याच्या घरी ते चहा घेत नसत. चहा घेतला, की माणूस पाहुण्यासारखा बोलायला लागतो, खरं बोलत नाही, असं त्यांचं मत. लोकांना राग यायचा. आमच्या भागात चहाला नाही म्हणणं म्हणजे दारातून परत जाण्यासारखंच. सर मात्र पिक्चर काढून, तो त्याच माणसाला दाखवून, त्यानं 'राहू द्या' म्हटल्यावरच कपाला हात लावायचे. त्यानं 'हे काढा' म्हटलं, तर ते काढायचे आणि मग चहा घ्यायचे. आणि पिक्चर नव्या ठिकाणी दाखवायचा झाला, की पुन्हा त्या माणसाकडे जायचं, पुन्हा दाखवायचं, पुन्हा विचारायचं. मी एकदा म्हटलं, "सर, एकदा हो म्हटलंय ना त्यांनी?"

"तवा व्हय म्हणला असंल. ज्याचं तोंड, त्याची मर्जी. मर्जी काय एकदाच असती का?"

संगीताचं नाव काढलेलं त्यांना चालत नसे. कुणीतरी सुचवलं, की पिक्चरच्या मागे बासरी टाका. सर म्हणाले, "बकरी चरून राहिली तवा बाजूला कोण बासरी वाजवून राहिलं?"

त्यांच्या एका पिक्चरनं माझी झोप उडवली. तो मेंढरांवरचा होता, म्हणजे खरं तर रेणुकावरचा.

रेणुका माझ्या सहावीच्या वर्गातली. घरची मेंढरं. दिवाळी झाली, की त्यांचं बिऱ्हाड निघायचं. शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतात, तसं आज या शेतात, चार दिवसांनी त्या. पावसाळ्याच्या तोंडाला घरी परत. म्हणजे रेणुका वर्षातले चार-पाच महिनेच शाळेत असायची. तिला साठ मेंढरं तोंडावरून ओळखता यायची, प्रत्येकीचं नाव होतं. माघात सर तिवई घेऊन त्यांच्या बिऱ्हाडावर गेले आणि आठ रविवार तिच्या मागे हिंडले.

त्यात एक जागा होती. कळप मोठ्या रस्त्याला लागतो. फाट्यावर गावांची नावं लिहिलेली पाटी. पडद्याआडून सरांचा आवाज येतो, "हा रस्ता कुठं जातो गं?" रेणुका पाटीकडे बघते. बराच वेळ बघते. बोट हवेत धरून म्हणते, "आ... खा..." पुढे काहीच नाही. मग ती ओढणीचं टोक दातात धरून हसते आणि सरळ आपल्याकडे बघून म्हणते, "मला रस्ता पायानं म्हाईत हाय, पाटीनं न्हाई."

हे सरांनी आधी तिला दाखवलं होतं. ती हसली होती आणि 'राहू द्या' म्हणाली होती. एप्रिलमध्ये सरांनी तो पिक्चर शाळेत लावला. मी शेवटच्या रांगेमागे खुर्चीवर बसले होते. पाटी आली आणि हॉलमध्ये कुणी हललं नाही. पहिलीतलं पोरगंसुद्धा तोंड उघडं टाकून बसलं. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना ती पाटी वाचता आली नसती, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं आणि मी खुर्चीत चुळबुळले.

कारण मुलांची वाचनाची पातळी आम्हाला मोबाईलवरच्या अर्जात भरावी लागते. अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, अशी. भरायची मुदत आली तेव्हा रेणुका मेंढरांमागे होती. तिला वाचायला लावणार कशी? आणि पाचवीतल्या अर्जात 'वाक्य' होतं, म्हणजे सहावीत एक पायरी वर जायलाच हवी. मी 'परिच्छेद' भरलं. तिचंच नव्हे, अजून काही जणांचं तसंच भरलं. सगळेच भरतात, असं मी मनाला सांगितलं होतं. आता ती पोरगी चादरीवर उभी राहून सगळ्यांना सांगत होती, की तिला 'आखाडा'सुद्धा वाचता येत नाही.

मुलं गेल्यावर सरांनी डावा खिसा चाचपला. "पाटीला एक बी लेकरू हललं न्हाई. बराबर जमलंय." मग जरा थांबून म्हणाले, "एक दाणा गेला पण. मागं. मोठ्या माणसाचा."

मी खुर्ची उचलून भिंतीला लावली.

"मोठ्याचा म्या धरत न्हाई," असं म्हणून ते चादर काढायला लागले.

सरांना काय कळलं होतं आणि काय नाही, याचा विचार करत मी पूर्ण उन्हाळा घालवला. जूनमध्ये रेणुका सातवीत येऊन बसली. मी तिला मधल्या सुट्टीत रोज अर्धा तास धरलं. अक्षरं, काना, मात्रा, जोडाक्षरं. तिला माझी माया वाटली असणार. खरं सांगायचं तर मी भीतीपोटी शिकवत होते. पण शिकवत होते, एक दिवस चुकवला नाही. दिवाळीपर्यंत ती अडखळत का होईना, पण धड्याचं पान वाचायला लागली आणि बिऱ्हाडाबरोबर निघून गेली. मला वाटलं, सुटले.

तेवढ्यात पुण्याहून फोन आला. मुलांसाठीच्या माहितीपटांचा एक महोत्सव होता, त्यात सरांनी तो पिक्चर पाठवून दिला होता, रेणुकाला विचारून, पण मला न सांगता. पिक्चर शेवटच्या पाचांत आला होता. हे पाच मुलांनीच निवडले होते आणि बक्षीसही मुलंच ठरवणार होती, दहा ते चौदा वर्षांची. महोत्सवाच्या बाई फोनवर सांगत होत्या, "त्या पाटीच्या प्रसंगानं मुलं अगदी गप्प झाली हो सर." सरांनी मोबाईल स्पीकरवर ठेवला होता. शिक्षक खोलीत टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख पेढे घेऊन आले. बक्षीस मिळो न मिळो, पुण्याहून आल्यावर पिक्चर बाळापूरच्या बैठकीत दाखवायचा, मोठे साहेबही येतील, असं ठरवूनच आले होते. मी पेढा हातात धरून उभी. साहेब पिक्चर बघणार. पाटी बघणार. मग कुणीतरी विचारणार, कुठल्या वर्गातली मुलगी? आणि अर्ज उघडणार. मला माझ्या वडिलांचं घर दिसत होतं, भिंतीवरचा खिळा दिसत होता. जेवण जाईना. बक्षीस मिळू नये म्हणून मी देवाधर्माचं काही मानत नसताना हात जोडले, इतकी माझी गत झाली.

मग मी ते केलं.

रेणुकाचं बिऱ्हाड जवळा बाजारच्या पलीकडे एका शेतात उतरलं होतं. सर रविवारी तिला पुन्हा विचारायला जाणार होते. मी शनिवारी दुपारी स्कूटी काढली. वह्या द्यायचं निमित्त. तिची आई भाकरी थापत होती, रेणुका एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. मला बघून तिला इतका आनंद झाला, की मला आल्या पावली परतावं असं वाटलं. तेवढ्यात केंद्रप्रमुखांचा फोन.

"मॅडम, बाळापूरच्या कार्यक्रमात वर्गशिक्षिका म्हणून तुमचा पण सत्कार ठेवलाय. साहेब म्हणाले, मुलीची प्रगती काय आहे ते दोन शब्द सांगायला लावा."

"हो सर," मी म्हटलं. आवाज मोठा होता त्यांचा, सगळं ऐकू जात होतं. फोन ठेवताना तो माझ्या हातातून मातीत पडला. रेणुकानं उचलून दिला.

मग मी तिला म्हटलं, की पुण्यात शेकडो मुलं असतील. तुला वाचता येत नाही हे सगळ्यांना दिसेल. हसतील. तू उद्या सरांना सांग, की ती पाटी काढा.

"सर काय म्हणतेत?" तिनं विचारलं.

"तू सांग, म्हणजे ते ऐकतील. मला तुझीच काळजी आहे गं."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग कोकराकडे. "बरं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी मलाही बरोबर घेतलं. नाही म्हणायला कारण सापडेना. सरांनी घोंगडीवर बसून रेणुकाला आणि तिच्या आईला मोबाईलवर पिक्चर दाखवला. पाटी आली, गेली. सर म्हणाले, "पुण्याला दाखवायचा हाय. राहू देऊ सगळं?"

"ते पाटीचं काढा," रेणुका म्हणाली.

मला वाटलं, संपलं. सर आता विचारणार, का? ती सांगणार, मॅडम म्हणाल्या. सरांनी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "बरं." तिथंच बसून त्यांनी ती जागा कापली. एवढ्यावर थांबले नाहीत. मूळचं चित्रणही शोधून पुसून टाकलं. "ठेवलं, की पुढं कवातरी मोह व्हतोय," म्हणाले. ज्या एका तुकड्याला त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा एकही लेकरू हललं नव्हतं, तो त्यांनी माझ्यासमोर अंगठ्यानं पुसला. मग रेणुकाच्या आईकडे वळून म्हणाले, "आता चहा टाका, बाई."

मला हायसं वाटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी खरोखर हायसं वाटलं, चहा गोड लागला.

महोत्सवाच्या बाईंनी फोनवर पुष्कळ समजावलं. त्या प्रसंगाशिवाय पिक्चर पांगळा होईल, मुलांनी तो त्याच्यासाठीच निवडला होता, निदान मुलीशी एकदा बोलू द्या. सर एवढंच म्हणाले, "मालकिणीनं न्हाई म्हणलं. विषय संपला."

पुण्याला आम्ही चौघं गेलो, सर, मी, रेणुका आणि तिची आई. थिएटर शाळकरी मुलांनी गच्च भरलं होतं. आमचा पिक्चर लागायच्या आधी सर उठले, पडद्याखालच्या पायरीवर जाऊन मुलांकडे तोंड करून बसले. एक स्वयंसेवक धावत आला. सर त्याला म्हणाले, "म्या इथंच बसत असतो." त्यानं दोनदा सांगितलं आणि नाद सोडला.

मी पडद्याकडे बघू शकले नाही. सरांच्या हाताकडे बघत होते. पहिली दोन-तीन मिनिटं हात मांडीवर होता. कळप मोठ्या रस्त्याला लागला. फाटा आला आणि लगेच पुढचं शेत आलं. तिथून सरांचा हात उजव्या खिशात जायला लागला. एक दाणा, दोन, मग मी मोजायचं सोडलं. थिएटरभर चुळबुळ सुरू होती, वेफर्सच्या पुड्या वाजत होत्या. सरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. ते प्रत्येक पोराकडे लक्ष देऊन बघत होते आणि दाणे टाकत होते.

पिक्चर संपल्यावर रेणुकाला मंचावर बोलावलं. मुलांनी प्रश्न विचारले. मेंढरू चावतं का? तुला भीती वाटते का? मग चष्मेवाली एक मुलगी उठली. "तू इतके महिने शाळेत जात नाहीस, मग तुला वाचता येतं का?"

रेणुकानं माईक दोन्ही हातांनी धरला.

"आता येतं. सहावीत येत नव्हतं. पाटी बी वाचता येत नव्हती. आमच्या मॅडमनी शिकवलं, मधल्या सुट्टीत."

कुणी हसलं नाही. सगळं थिएटर गप्प झालं आणि मग टाळ्या झाल्या. बक्षीस मात्र समुद्रकिनाऱ्यावरच्या कासवांच्या पिक्चरला गेलं. चांगला होता तो. सरांनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली.

परतीच्या एसटीत रेणुका माझ्या शेजारी बसली होती, सर आणि तिची आई पुढच्या सीटवर. मला राहवेना.

"एवढ्या लोकांत सांगितलंस. लाज नाही वाटली?"

"काहून लाज? तवा येत नव्हतं, आता येतं. कोकरू बी आधी पडतंच की."

"मग सरांना पाटी काढायला का सांगितलीस?"

"तुमीच म्हणल्या ना."

"मी म्हटलं म्हणून?"

तिनं पुढच्या सीटकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. "त्या साहेबाचा फोन आल्ता तवा तुमचा हात थरथरून राहिला व्हता. बाळापूरला पाटीसकट पिच्चर लागला असता तर तुमाला बोलणं बसलं असतं, व्हय ना? पुण्यात तुमचे साहेब न्हाईत, म्हणून तिथं सांगून टाकलं. तुमी मला शिकवलं, मंग म्या तुमाला बोलणं बसू देईन का?"

मी खिडकीकडे तोंड केलं. बारा-तेरा वर्षांची पोरगी, तिच्या आयुष्यात एकदाच तिचा पिक्चर निघाला होता, आणि त्यातली तिची सगळ्यांत चांगली जागा तिनं माझ्यासाठी देऊन टाकली होती. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

गाडी चहाला थांबली तेव्हा मी सरांना बाजूला घेतलं. "सर, आदल्या दिवशी मीच तिच्याकडे गेले होते."

"म्हाईत हाय. तिच्या आईनं सांगितलं, मॅडम वह्या देऊन गेल्या."

"मग तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत? तिला का नाही विचारलंत?"

सर बशीत चहा ओतत होते. "न्हाई म्हणणाऱ्याला काहून म्हणून इचारू नाही, म्याडम. त्याला खोटं बोलावं लागतंय. तिला इचारलं असतं तर तिला लागलं असतं, तुमाला इचारलं असतं तर तुमाला. कशाला दोघींना तकलीफ?"

"पण तुमचं बक्षीस गेलं."

"गेलं," ते म्हणाले. "मिळालं असतं तर बरं वाटलं असतं." इतकं साधं बोलले, की मला त्यांच्याकडे बघवेना.

सर निवृत्त झाले त्याला आता दोन वर्षं होतील. पुण्याहून आल्यावर बाळापूरचा कार्यक्रम काही झाला नाही. बक्षीस नाही म्हटल्यावर केंद्रप्रमुख कार्यक्रमही विसरले आणि सत्कारही. मी अलगद वाचले होते. कुणी काही विचारलं नसतं.

त्याच महिनाअखेरीला वाचनाच्या पातळ्या भरायची मुदत आली. मी एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला लावलं आणि जे ऐकू आलं ते भरलं. रेणुकाला फोन लावला. तिनं बिऱ्हाडावरून मी लिहून दिलेल्या वहीतलं पान वाचून दाखवलं, मी तिच्या नावापुढे 'वाक्य' लिहिलं. सात मुलं अक्षरावर आणि शब्दावर निघाली. मी बटण दाबलं. दुपारीच केंद्रप्रमुखांचा फोन आला.

"मॅडम, हे काय? एका महिन्यात सात पोरं एकदम मागं गेली?"

"मागं गेली नाहीत सर. मागंच होती. मी खोटं भरलं होतं."

पुढे नोटीस आली, खुलासा द्यावा लागला, एक वेतनवाढ अडकली. त्या क्षणी मात्र फोन कानाला धरून मी उभी होते. माझी भीती गेलेली नव्हती, अजूनही गेलेली नाही. पण त्या दिवशी ती माझी मी धरून उभी होते, कुणा लेकराच्या हातात दिली नव्हती.